तुमचं ‘चालेल’

बाबा,

परवा ऑफिसात माझे कान तपासले. हिंजवडीच्या आमच्या कंपनीत वर्षातून एकदा डॉक्टर मंडळी येतात, रक्तदाब बघतात, साखर बघतात, ‘रोज चालत जा’ म्हणून सगळ्यांना बजावतात आणि स्वतः गाडीत बसून निघून जातात. या वर्षी त्यात कानांची भर पडली होती. एका छोट्या बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवतात आणि बारीक बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. मला वाटलं, मी एकही सोडला नाही. बाहेर आले तर डॉक्टरीणबाई कागदावरच्या रेषेकडे बघत बसल्या होत्या. “दिवसभर हेडफोन असतो का कानाला?” म्हणाल्या. मी म्हटलं, “असतो. मीटिंगा असतात.” “आवाज किती ठेवता?” “ऐकू येईल इतका.” “तुम्हाला, की शेजारच्यालाही?” खास आपल्या पेठेतल्या असणार. डाव्या कानाची थोडी कुरबूर आहे, आत्तापासून सांभाळा, असं सांगून त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला कमी ऐकू यायचं का. मी तुमचं सांगितलं. हडपसरच्या बाजूला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते, निवृत्त होईपर्यंत तिथेच होते, असं.

त्यावर त्या जे बोलल्या ते ऐकल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलतेय, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. त्या म्हणाल्या, अशा गोंगाटात वर्षानुवर्षं काम करणारा माणूस एकदम बहिरा होत नाही. आधी बारीक आवाज जातात. स, श, फ, ख असली अक्षरं हवेत विरतात आणि मागे नुसता काना-मात्रांचा गोळा उरतो. समोरचा बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. त्यामुळे अशी माणसं ‘मला ऐकू येत नाही’ असं कधीच म्हणत नाहीत. ‘लोक हल्ली पुटपुटतात’ असं म्हणतात, आणि पुष्कळदा नुसतं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. 

आणखीही बरंच सांगितलं त्यांनी. गोंगाटाचा संबंध आता नुसत्या कानाशी लावत नाहीत म्हणे, रक्तदाबाशीही लावतात, झोपेशीही लावतात. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू माणसांत मिसळेनासा होतो आणि म्हातारपणी त्याची स्मरणशक्तीही लवकर ढासळू शकते, असं नव्या अभ्यासांतून दिसू लागलंय. मला तुमचं लोणचं आठवलं. तुमचा रक्तदाब वाढला तेव्हा आईनं सगळा दोष मिठावर ठेवला आणि लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेली. तुम्ही ताटाकडे बघायचात आणि मुकाट्यानं जेवायचात. लोणच्याचा वाटा असेलच, पण त्या प्रेसचाही होता, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान कैरीची एखादी फोड तरी मिळाली असती तुम्हाला.

शनिवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत सगळे मोठ्यानं बोलायचे. शाळेत बाई मला म्हणायच्या, “जरा हळू, आम्ही इथेच आहोत.” तुम्ही कामावर जाताना कानात कापसाचे बोळे घालायचात. कारखान्यातले सोबती चेष्टा करायचे, “काय, अत्तराचा फाया का? कुणाचं लग्न आहे?” आणि ते तुम्ही घरी येऊन आम्हाला हसत हसत सांगायचात. एकदा आईनं तुम्हाला मंडईतून शेपू आणायला सांगितला आणि तुम्ही पिशवीभर पेरू घेऊन आलात. आई कपाळाला हात लावून म्हणाली, “शेपू म्हटलं होतं मी, शेपू.” तुम्ही म्हणालात, “मग तसं स्पष्ट बोलावं.” त्या संध्याकाळी आईनं पेरूची भाजी केली, गूळ घालून, आणि तुम्ही दोनदा मागून घेतलीत. आम्ही ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगितली. शेपूतला श गेला की काय उरतं ते मला आत्ता कळतंय.

आणि तुमचं ते ‘चालेल’. सहलीला जाऊ? चालेल. पडद्यांना हिरवं कापड घेऊ? चालेल. कॉम्प्युटरचा कोर्स लावू? चालेल. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, “तुमचे हे म्हणजे देवमाणूस, कशालाही नाही म्हणत नाहीत.” आमचे हे प्रत्येक गोष्टीत खोडा घालतात, हे त्यातलं न बोललेलं वाक्य. मलाही तुम्ही देवमाणूसच वाटायचात. मैत्रिणींचे वडील दहा प्रश्न विचारायचे, तुम्ही एका शब्दात मला वाट मोकळी करून द्यायचात, आणि त्या शब्दावर टेकून मी खूप लांब आले.

त्या रविवारी तुम्ही पाटावर बसून मटार सोलत होतात. थंडीचे दिवस, उन्हाची एक पट्टी तुमच्या गुडघ्यापर्यंत आलेली, आई ओट्याशी, कुकर सुरू. मी नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता. तेव्हा हिंजवडीत आमच्या इमारतीशेजारी उसाचं शेत होतं आणि कंपनीची बस धूळ उडवत जायची. त्याच बसमध्ये तो भेटला होता. मी तुमच्यासमोर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. आमच्याच ऑफिसात आहे, नागपूरचा आहे, घर बौद्ध आहे, आम्हाला लग्न करायचंय. भिंतीला कान असतात आणि पेठेतल्या भिंतींना जरा जास्तच असतात, म्हणून त्या घरात मी पहिल्यांदाच हळू बोलले. तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “चालेल.” मी तिथेच रडायला लागले. तुम्ही सोललेल्या मटारांतले मूठभर माझ्या हातात दिलेत.

तुमचा जावई ही गोष्ट अजूनही सगळ्यांना सांगतो. त्याच्या घरी कितीतरी दिवस धाकधूक होती, पुण्याची माणसं कशी वागवतील याची. त्याची आई तर म्हणायची, अपमान करून घ्यायला जाऊ नकोस. तो येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगतो, “हिच्या बाबांनी एका शब्दात हो म्हटलं. जात नाही विचारली, पगार नाही विचारला, काही नाही.” परवा कंपनीच्या बसमध्ये बसून घरी येताना माझ्या कानात त्याचं हे वाक्य आणि डॉक्टरीणबाईंचं वाक्य एकापाठोपाठ एक वाजत होतं.  ज्या शब्दावर माझा संसार उभा आहे तो तुम्ही मला दिला होता, की शेपूच्या जागी पेरू दिला होता?

 मग आज सकाळी आई मेथी निवडत बसली होती, तिच्याजवळ बसले आणि विचारलं, “आई, मी लग्नाचं सांगितलं तेव्हा बाबांना ऐकू आलं होतं का?” आईनं मान वरही केली नाही. “तुला आत्ता शंका आली होय?” म्हणाली. “कुठलं ऐकू येतंय. त्यांना एक नागपूर तेवढं कळलं. दुपारी मला म्हणाले, ऑफिसच्या कामाला नागपूरला चाललीय वाटतं, तिकडे थंडी फार, तिला माझा स्वेटर दे.”

मला हसू आलं आणि लगेच रडूही. आई पुढे सांगत होती. घरात ओरडून सांगायची सोय नव्हती, म्हणून संध्याकाळी ती तुम्हाला फिरायला म्हणून नदीवरच्या पुलावर घेऊन गेली. पुलावर गाड्यांची ही गर्दी, तिथे कितीही ओरडलं तरी कोण ऐकतंय, असा तिचा हिशोब. तुमच्या कानाशी तोंड नेऊन तिनं सगळं ओरडून सांगितलं. “तरी एक सायकलवाला थांबलाच. म्हणाला, काय झालं काकू, मदत हवीय का?” आई म्हणाली, “त्याला म्हटलं, हवीय, पण तुझ्याच्यानं व्हायची नाही.”

“मग बाबा काय म्हणाले?”

“आधी कठडा धरून उभे राहिले. मला वाटलं, चक्कर आली. पाण्याकडे बघत होते, म्हणजे पाणी कसलं, जलपर्णीच. मग म्हणाले, मला ऐकू आलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.”

बाबा, हे ऐकताना मला फार लागलं. खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं ज्या माणसाला मी सगळ्यांपेक्षा मोठ्या मनाचा समजत आले, तो त्या कठड्यापाशी इतरांइतकाच झाला. माझ्या सासूबाईंचं वाक्यही आठवलं, अपमान करून घ्यायला जाऊ नकोस. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“पुरतं ऐक. मी म्हटलं, मग अजून काय बिघडलंय, सांगा तिला, ऐकू आलं नव्हतं. तर म्हणाले, ‘ऐकू नव्हतं आलं गं, पण तिचं तोंड बघितलंय मी. चालेल म्हटल्यावर ते कसं उजळलं ते बघितलंय. आता ते काढून घेऊ का मी?’ आणि घरी यायला वळल्यावर म्हणाले, ‘चालेल म्हटलंय, तर आता चालवायचं. मला थोडा वेळ लागेल. तिला कळू देऊ नकोस.’”

मी आईला विचारलं, मग इतक्या वर्षांत तू मला हे सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, “त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. आणि तू विचारलंस कधी?”

आता एकेक गोष्ट उलगडतेय. लग्न ठरल्यावर आत्या गावाहून तणतणत आल्या होत्या. चहाला हात न लावता तुमच्यासमोर बसल्या आणि सुरू झाल्या, “आमी गावात तोंड कसं दाखवायचं? आं? तू भाऊ हायेस का कोन हायेस?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “अक्का, मला या कानानं ऐकू येत नाही.” आत्या उठल्या, पदर सावरत दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणाल्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “या कानानं तर अजिबातच नाही.” आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो होतो. तुम्ही जन्मभर कुणाजवळ, पुलावर आईजवळ बोललात तेवढं सोडून, ऐकू येत नाही हे कबूल केलं नव्हतंत. ते पहिल्यांदा सगळ्यांसमोर कबूल केलंत ते त्या दिवशी. पुन्हा केलं नाहीत.

आणि तुम्हाला वेळ लागलाच. लग्नानंतर कितीतरी महिने तुम्ही त्याच्यासमोर पेपर उघडून बसायचात. मला वाटायचं, निवृत्ती जवळ आलीय, थकलेत. तो बिचारा आपल्या भरदार नागपुरी आवाजात विचारायचा, “काय करून राहिले बाबा? तब्येत बरी हाय ना?” पेठेतल्या लोकांना तो आवाज आगाऊ वाटायचा, काकू तर खिडकी लावून घ्यायच्या. पण तुम्हाला त्याचा शब्द न् शब्द कळायचा. हळूहळू पेपर खाली येऊ लागला. मग एक दिवस तुम्ही दोघं मंडईत गेलात आणि पिशवीत नेमकं तेच घेऊन आलात जे आईनं सांगितलं होतं. जिन्यात शेजारचे काका भेटले तर त्यांना तुम्ही ऐकवलंत, “आमचा जावई स्पष्ट बोलतो. तुमच्यासारखं अर्धं पोटात ठेवत नाही.” हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत तुम्ही डॉक्टरांकडे बघायचात आणि मग त्याच्याकडे, तो काय सांगतोय ते ऐकायला. तुम्ही हे शिकलात, बाबा. तुम्हाला ते येत नव्हतं आणि तुम्ही शिकलात.

हे त्याला सांगायचं की नाही, ते अजून माझं ठरत नाहीये. आपल्या स्वीकाराची जी गोष्ट तो अभिमानानं सांगतो ती मोडायला जीव होत नाही. आणि खरी गोष्ट तर त्याहून चांगली आहे, पण त्यात कठड्यापाशी तुम्ही बोललात ते वाक्यही आहे, आणि ते ऐकून त्याला काय वाटेल ते मी कसं ठरवणार. कदाचित तो हसेल. कदाचित बराच वेळ बोलणारच नाही. दोन्हींचा त्याला हक्क आहे.

हे सगळं मी ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहितेय. शेजारचा मुलगा, मी मीटिंगमध्ये आहे असं समजतोय, कारण हेडफोन कानाला आहे. तो बंद आहे. पत्र कुठे पाठवायचं नाहीये, जिथे लिहिलंय तिथेच राहील. सकाळी आईनं माझी आसवं पुसली आणि म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस. मी मान हलवली, जणू मला वाईट वाटत होतं. खरं तर पुरतं ऐकल्यावर मला वाईट वाटतच नव्हतं. तुम्ही सगळं ऐकून हो म्हणाला असतात, त्यापेक्षा मला हेच आवडलं.