खुर्ची कालव्यावर आहे

सिट्से,
स्वयंपाकघरातली खुर्ची शोधू नकोस. ती गोठलेल्या कालव्यावर आहे आणि बाबा तिच्यावर! तू इच्छामरणाच्या कायद्याला शिव्या घालत दार आपटून गेलास, तेवढ्यात डॉक्टरबाई बाबांनी मागितलेलं मरणाचं इंजेक्शन घेऊन आल्या. नियमाप्रमाणे त्यांनी शेवटचं विचारलं, “नक्की आजच?” बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बर्फ पेलेल का हो मला?” बाईंनी बॅगच मिटली! आत्ता बाईच खुर्ची ढकलतायत आणि बाबा ओरडतायत, “जोरात हो बाई, न्याहारी नाही का केली?” मी फक्त ब्लँकेट न्यायला आलेय. अरे, कायद्याने निदान त्यांना विचारलं तरी. आपण बहीण-भाऊ नुसते भांडलो. तुझे स्केट जिन्याखाली आहेत, पळत ये. बर्फ वितळला की बाई पुन्हा विचारणार आहेत.
फ्राउकी