एकेचाळिसावी ओळ

प्रिय आई,

तुझा कॉर्नब्रेड टेनेसीहून वॉशिंग्टनला पोचेपर्यंत भुगा झाला होता. चमच्यानं खाल्ला. सरकारी संशोधनात ज्यांचं रक्त, ज्यांची माहिती वापरतात, त्यांच्यावर अन्याय होऊ नये हे बघायची माझी नोकरी. तू शेजारणींना सांगतेस, ‘पोरगी कागद तपासते.’ खरंच आहे ते.

शाळेत उशिरा घातलंस; त्याआधी सहा वर्षं कारखान्यात दुपारच्या पाळीला जाण्यापूर्वी तूच मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलंस. उत्तर बरोबर आलं तरी म्हणायचीस, ‘कसं आलं ते सांग.’ म्हणून संशोधनासाठीचं होकारपत्र वाचून दाखवलं की मीही लोकांना म्हणते, आता तुमच्या शब्दांत सांगा. तुलाही विचारलं होतं, कारखान्याच्या दवाखान्यात उरलेलं रक्त संशोधनाला द्यायचा कागद वाचलास का? तू म्हणालीस, ‘वाचत बसले असते तर जेवणाची सुट्टी गेली असती, बाईसाहेब!’

मार्चमध्ये त्याच रक्तावरचा अभ्यास माझ्याकडे मंजुरीसाठी आला. धातूची धूळ फुप्फुसांना बाधणार का, हे आधीच ओळखणारी नवी चाचणी. नावं काढलेली, म्हणून निकाल कामगारांना कळवायचे नव्हते. आमच्या प्रमुख होलिसबाई म्हणाल्या, ‘अगं, नावं नाहीत म्हणजे माणसं नाहीत. कर सही, हो मोकळी.’ मी केली. वय, विभाग, नोकरीची वर्षं हे रकाने तसेच राहिलेत, हे बघितलंच नाही.

काल निकालांचा तक्ता आला. एकेचाळिसावी ओळ: स्त्री, अठ्ठावन्न, लेथ विभाग, सव्वीस वर्षं. लेथवर बाई तू एकटीच आहेस, आई. शेवटचा, निकालाचा रकाना मी हातानं झाकला. मग हात काढला.

आज सकाळी माझी चूक लेखी दिली. सगळ्यांना निकाल कळवा, असंही लिहिलं. ‘त्यावर निर्णय घेणारी समिती सहा आठवड्यांनी बसेल,’ होलिसबाई म्हणाल्या. ‘तोवर आईशी एक शब्द बोललीस तर नोकरी जाईल, आणि बरोबरच जाईल.’ मला ते पटतं. पण सहा आठवडे तू त्या धुळीत उभी राहणार, हे पटत नाही.

ती ओळ काय म्हणते, हे लिहायचा हक्क मला नाही. पण स्वतःची तपासणी मागायचा हक्क तुला आहे. सोमवारी लेथवर जाऊ नकोस, सरळ दवाखान्यात जा. विभागातल्या सगळ्यांना बरोबर ने. कुणी सांगितलं असं विचारलं तर माझं नाव सांग. या पत्राची एक प्रत मी होलिसबाईंच्या टेबलावर ठेवून निघाले आहे.

काळजीनं पोखरलेली, पण तुझीच,
मर्ना