स्वभाव राखावा लागतो

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. आता तर त्याला पक्कं कारणही सापडलंय, तेच सांगायला बसले आहे.

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलची सकाळ. लकडगंजातल्या आपल्या घरात भिवापुरी मिरच्यांचं पोतं उघडं पडलंय आणि तुम्ही मला देठ खुडायला बसवताय. कामाच्या बाया तासाभरात येणार, हे तुम्हाला माहीत आहे. मी परीक्षेचं सांगून बघते. "परीक्षा दरसाल येते, गिऱ्हाईक येत नाही. बस वं खाली." मी बसले. निघताना हात तीनदा साबणाने धुतले, तरी सूक्ष्मदर्शकापाशी सवयीने डोळा चोळलाच. मग नुसत्या धारा. परीक्षकांनी विचारलं, हा कुठला स्नायू? हृदयाचा होता, मी हातापायाचा सांगितला. पुढच्या एकाही स्लाइडवर नजर ठरली नाही. मेडिकल थोडक्यात हुकलं. आई म्हणाली, "जाऊ दे वं, त्यायचा स्वभावच तसा हाय. स्वभावाले औषध नसते." त्या एका वाक्यावर मी तुम्हाला कितीतरी वर्षं सूट दिली.

पुढे संशोधनाला मी मुद्दाम तोच हृदयाचा स्नायू धरला. उंदराच्या हृदयाच्या पेशी दिवसभर बघते, पोटापाण्याचं कामच ते. तुम्हाला कळेल असं सांगते. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, हातापायाच्या स्नायूंचीसुद्धा. हृदयाची पेशी हृदयाची राहते, कारण काही प्रथिनं तिची स्वतःची जनुकं चालू ठेवतात आणि बाकीची दाबून धरतात, जन्मभर, एक दिवसही सुट्टी न घेता. दाबून धरणारं एक प्रथिन आम्ही पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या हृदयातून काढून टाकलं, तर तिथे भलत्याच स्नायूची जनुकं जागी झाली आणि ठोका ढिला पडला. म्हणजे हृदयालाही आपला स्वभाव आयता मिळून पुरत नाही, तो रोज राखावा लागतो.

हे उमगलं त्या दिवशी तुमची सूट मी रद्द केली. कारण त्याच परीक्षेच्या संध्याकाळी माझे हात पेटलेले असताना तुम्ही तुपाची वाटी घेऊन दाराशी आला होतात. मी पाहिलं. आई आत आली तसे तुम्ही वाटी कोनाड्यात ठेवून निघून गेलात. माया तुमच्यात होती, बाबा. ती नसती तर मी तुम्हाला माफ करून टाकलं असतं. तुम्ही ती रोज उठून आपल्या हाताने दाबलीत, आणि आम्ही त्याला स्वभाव म्हणत राहिलो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. एक मात्र कबूल करते. सकाळी चहा ठेवताना मी आधी ते मिरच्यांचं पोतं आठवून घेते, न चुकता. एखाद्या दिवशी विसरले, तर आधी ती वाटी आठवेल, याची मला भीती वाटते.