संत्र्याच्या रसातली मासोळी

जबलपूर, रविवार

आई,

तुले आन बाबाले जयभीम. मी बरा आहे, फॅक्टरीतलं काम ठीक चालू आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

हर्षा संत्र्याच्या रसात मासोळी कशी करते, ते तू फोनवर तीनदा विचारलं. "ती कामात आहे," म्हणून मी टाळून राहिलो. खरं म्हणजे ती महिन्याभरापासून पाटनले, माहेरी आहे. परत येत नाही म्हणते. बाबाले एवढ्यात सांगू नको.

आज तिलवाऱ्याच्या घाटावरून मासोळी आणून मीच केली. सोपी आहे. हळद-मीठ लावून तव्यावर तळायची, मग संत्र्याचा रस, लसूण, थोडा गूळ. रस आटून तुकडे चकाकले की वरून हिरव्या सांबाराची पानं चिरून टाकायची. पण तव्यावर एका वेळी दोनच तुकडे मावतात, अन तिथून हलता येत नाही. नजर हटली की रस करपतो.

ती काहून गेली, ते तिथं उभं राहून समजलं. सात वर्षं ती तव्यापाशी, अन मी टीव्हीसमोर बसून "अजून आण" म्हणायचो. "एक दिवस थांबा न, सोबत जेवू," म्हणायची. मी म्हणायचो, मासोळी गरमच चांगली लागते.

आज सगळे तुकडे होईस्तोवर पहिले थंड झाले. तसेच खाल्ले. थंड मासोळी पण चांगलीच लागते, आई.

तू पण आम्हाले गरम गरम वाढत चुलीपाशीच राहायची. तू कधी जेवायची गं? मले आठवतच नाही.

तुझा,
अश्वजीत