टिलव्याची शीळ

२ नोव्हेंबर १९६१, गुरुवार

आलो बुवा एकदाचा! दिग्रसहून एस.टी.ने फाट्यापर्यंत, पुढे बैलगाडी. गाडीत ट्रंक बसली, मी मागून पायी. सरकीच्या पोत्यांचा मान माझ्याहून मोठा. तलावाचा बंगला दोनच खोल्यांचा, व्हरांडा मात्र राजेशाही. यवतमाळच्या पक्षिमंडळाने मला इथे नेमलं आहे. शनिवारी पाहुणे येणार, रविवारी सकाळी त्यांना पक्षी दाखवायचे, उरलेला आठवडा बंगला सांभाळायचा. छत्तीस वर्षं पोरांना ड्रॉइंग शिकवलं, आता मोठ्यांना बदकं शिकवू. बायको, नलू, गेल्यापासून घरात भांडायलाही कोणी नव्हतं. इथे बघायला पाणी तरी आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

पहिली तुकडी: एक वकील, त्यांच्या सौभाग्यवती, दोन प्राध्यापक. चक्रवाक आणि थापट्या बदकं बघून स्वारी खूश. खरा वाटाड्या मी नव्हे, भीमसिंग. पलीकडच्या तांड्यातला, साठी उलटलेला, मिशा अजून काळ्या. काठाला डोक्याइतकं उंच लव्हाळं, खाली गाळ, आणि त्यातून मुरमाची एकच वाकडी वाट. बोललं की बदकं उडतात. म्हणून भीमसिंग पुढे जाऊन घट्ट जागी उभा राहतो आणि टिलव्यासारखी तीनदा शीळ घालतो. आम्ही काही न विचारता आवाजाकडे चालायचं. टिलवा म्हणजे काठच्या चिखलात टिपणारा चिमुकला पक्षी, हिवाळी पाहुणा; त्याच्या शिळेला बदकं बिचकत नाहीत. मलाही शिकवली. वर एकच ताकीद दिली: "पायाखाली जमीन असन तवाच शीळ घालजा, मास्तर. उगाच नाही."

२२ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारपासून माणसाचं तोंड दिसलं नाही. चहा दोन कप करतो आणि दोन्ही मीच पितो. आज कंटाळून व्हरांड्यातून शीळ घातली. लव्हाळ्यातून लगेच उत्तर आलं. टिलवाच असणार. पुन्हा घातली, पुन्हा उत्तर. तासभर आमच्या गप्पा चालल्या. खरं सांगतो, फार बरं वाटलं. आता हे रोजचं ठेवावं.

१४ जानेवारी १९६२, रविवार

पाहुण्यांनी तिळगूळ आणला होता. पण दिवस वाईट गेला. लव्हाळ्यात असताना समोरून भीमसिंगची शीळ आली आणि त्याच वेळी डावीकडून, गाळातून, दुसरी. हुबेहूब तशीच. पहिल्या तुकडीतल्या वकिलीणबाई पुन्हा आल्या होत्या, त्या तिकडे वळल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या. ओढून काढलं, चप्पल आतच राहिली. नंतर भीमसिंगने मला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्ही मधल्या वारी शीळ घालता काय? मी नाही म्हणालो. त्याने डावीकडच्या गाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या गाळाले आवाज नव्हता, मास्तर. कोनं शिकवला?"

मी खोटं का बोललो? म्हाताऱ्याची बोलणी खायची लाज वाटली, एवढंच. आजपासून शीळ बंद.

२५ मार्च, रविवार

हंगाम संपला. चक्रवाक गेले, टिलवे गेले, पाहुणेही गेले. आता थेट दिवाळीनंतर. भीमसिंग संध्याकाळी दूध आणून देतो, घटकाभर टेकतो. दिवसभरात तेवढाच माणसाचा आवाज. त्याची वाट बघतो मी.

३ एप्रिल, मंगळवार

भर दुपारी शीळ. तीनदा. दुर्बिणीतून सगळा काठ पाहिला. एक पक्षी नाही. पाणी पार मागे गेलंय, वर भेगा, खाली ओला गाळ. पुन्हा तीनदा. मी गप्प बसलो.

६ एप्रिल, शुक्रवार

मंडळाला पत्र टाकायला दिग्रसला गेलो होतो. परत आलो तर पायरीवर भीमसिंगची बायको, हंसाबाई. तिने विचारलं, ते कुठे आहेत. मला कसं माहीत असणार, म्हणालो. तर म्हणाली, "असं काहून म्हणता? तुमीच तर बोलावलं. शीळ मीबी आयकली. मास्तर बोलावून राह्यले म्हणाले अन् गेले."

मी दिवसभर दिग्रसला होतो. तिला तेवढं सांगितलं. बाकीचं सांगायला तोंड उघडेना.

८ एप्रिल

तांड्याच्या माणसांनी दोन दिवस बांबूने गाळ ढवळला. पागोटं मिळालं. फक्त पागोटं.

हंसाबाईला आज सगळं सांगितलं. नोव्हेंबरपासूनचं. ती रडली नाही. पुन्हा कधीच शीळ घालणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. घेतली.

१० एप्रिल

आता दोन शिळा येतात. एकीचा शेवटचा सूर लांब, किंचित घोगरा. तो सूर मी ओळखतो. पाच महिने त्याच्यामागे चाललो आहे —

दूध नाही. कोणी येत नाही. तांडा माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबर आहे त्यांचं.

१२ एप्रिल, सकाळ

ट्रंक भरली. अकराची गाडी. फाट्यापर्यंत पायी.

पुन्हा. जवळून. लव्हाळ्याच्या अलीकडून —

ओठ दाबून धरलेत. शपथ आहे. पण चार दिवसांत मला दुसऱ्या कोणी हाक मारलेली नाही. यवतमाळला जाऊन तरी कोण मारणार? रिकामी खोली. दोन कप.

तो थांबतो. उत्तराची वाट बघतो. माझी वाट बघणारं —

गाडी चुकेल. उठायला हवं. एकदाच, अगदी हळू, निरोपापुरती —