नाताळपर्यंत थांबलेलं लग्न

प्रिय लुदी,

शुक्रवारी शाळा सुटली की आपण दोघी मठाच्या फाटकाबाहेरच्या कठड्यावर आपल्या वडिलांची, तातायची, वाट बघत बसायचो, आठवतं? एका काडीला लावलेली साखरेत तळलेली केळी, वरचं तुझं, खालचं माझं. ताताय उशीर करायचे, केळी केव्हाच संपायची, आणि सिस्टर बेनिग्ना फाटक लावायला आल्या की विचारायच्या, "भूक नाही ना लागली, मुलींनो? पोट भरलंय ना?" मी लगेच उभी राहून म्हणायची, "हो, सिस्टर." तू धाकटी असून माझ्या बरगडीत कोपर मारायचीस. सिस्टर आत गेल्या की म्हणायचीस, "नाही म्हणाली असतीस तर त्यांनी पाव दिला असता, मानांग!" मला मात्र समोरच्या माणसाला नाही म्हणून अवघडवणं कधी जमलंच नाही. आपल्याकडे कोणाला जमतं म्हणा!

रविवारी फोनवर तू विचारलंस, "मानांग, नाताळला नक्की येतेस ना? सगळे तुझ्यासाठी थांबलेत." मी काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. आपल्या आईला, नानायला, जाऊन जुलैमध्ये वर्ष झालं. वर्षाच्या प्रार्थनेनंतर काळे कपडे उतरवायचे, तिचं कपाट उघडून वाटण्या करायच्या, हे सगळं थोरल्या मुलीशिवाय कसं करायचं म्हणून तू पुढे ढकललंस. घर सुतकात असताना लग्न नको, म्हणून तुझ्या लेकीचं, क्लारिसाचं लग्नही थांबलं.

इथे काय काय झालं ते मी तुला नीट सांगितलंच नव्हतं. मी शिकवायचे त्या जुन्या शाळेत मुलं कमी होत गेली. मेमध्ये आमचा विशेष मुलांचा वर्ग बंद करायचं ठरलं. मुख्याध्यापिका स्वतः रडल्या, मीच त्यांना कागदी रुमाल दिला. ग्रीन कार्डाचा, म्हणजे इथे कायमचं राहता यावं म्हणून केलेला माझा अर्ज त्याच शाळेच्या नावावर भरलेला होता. पण अर्ज भरून सहा महिने उलटले असले, तर त्याच प्रकारचं काम दुसरीकडे धरता येतं, अर्ज तसाच पुढे चालतो, असं वकिलाने सांगितलं. इथून तासाभरावरच्या गावात शाळेला माझ्यासारखी बाई हवी होती. ते म्हणाले, "व्हिसाच्या भानगडीत आम्ही पडत नाही. तुमच्याकडे स्वतःचं परवानगीचं कार्ड असेल तर या." कार्ड होतं. अर्ज चालू असेपर्यंत काम करता यावं म्हणून सरकार देतं ते. मी गेले.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी तिथल्या कचेरीत कागद दाखवायला बोलावलं. टेबलामागे मिसेस बाका नावाच्या बाई. चांगल्या आहेत, मला बसायला सांगून आधी हिरव्या मिरचीचं सारण भरलेली पोळी पुढे केली. मग कार्ड उलटंसुलटं करून म्हणाल्या, "अहो, ह्याची तारीख तर उलटून गेलीय. तुमचं कायमच्या रहिवासाचं चालू आहे ना? मग ग्रीन कार्डच आणा ना. उद्या आणाल?" आणि लुदी, मी म्हणाले, "हो, आणते." त्यांनी खूश होऊन नोकरीच्या परवानगीचा सरकारी फॉर्म माझ्या हातात दिला. "मग इथे कायम रहिवासी म्हणून खूण करा, सही करा, झालं काम!"

घरी आले तर अम्पारो कोळंबी सोलत बसली होती. अम्पारो म्हणजे माझ्याबरोबर राहते ती गणिताची बाई, आपल्या गावची, इलोइलोचीच, मलाही थोरली म्हणून मानांगच म्हणते, जीभ तशीच तिखट. तिला सांगितलं तर कोळंबी हातात तशीच. "आणते म्हणालीस? कुठून आणणार आहेस, मानांग? शेजारणीकडून उसनं?" मी म्हटलं, अगं, त्या बाई इतक्या आपुलकीने बोलत होत्या, त्यांना वाईट वाटलं असतं. "त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू सरकारला खोटं लिहून देणार? त्या जागी खूण केलीस ना, तर नोकरी जाईल ती जाईलच, अर्जही जाईल. मग बस इलोइलोला त्या बाईंची आपुलकी आठवत." पेन माझ्या हातातच होतं. तिने काढून घेतलं, कोळंबीच्या हातानेच. त्याचा वास अजून जात नाही.

कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज मी तारीख संपायच्या आधीच पाठवला होता, आणि त्याची सरकारी पोचही आली होती. त्या पोचेवर स्पष्ट छापलेलं आहे की जुनं कार्ड आणि ही पोच सोबत दाखवली तर परवानगी चालू धरावी. मी ती बरोबर नेलीच नव्हती. कार्ड पुरेल असं वाटलं, आणि उगाच जास्त कागद पुढे करणं मला समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी वाटेत गाडीत मी मोठमोठ्याने सराव केला. हसू नकोस. मिसेस बाकांनी हसून हात पुढे केला. "आणलंत?" मी म्हणाले, "नाही. माझ्याकडे ग्रीन कार्ड नाही. काल मी हो म्हणाले, ते चुकलं." त्यांचं हसू गेलं. "मग मी तुम्हाला वर्गात कशी पाठवू?" मी पोच आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवलं, फॉर्मवर काम करायची परवानगी असलेली परदेशी व्यक्ती, अशी खूण केली होती ती दाखवली. त्या म्हणाल्या, "मला ग्रीन कार्डच बरं वाटतं हो." तेव्हा माझ्या तोंडून आलं, "फॉर्मवरच्या यादीतला कोणता कागद दाखवायचा हे मी ठरवायचं असतं, बाई. हे दोन मिळून पुरतात. वरच्यांना विचारा हवं तर." त्यांनी फोन लावला, बराच वेळ "हं, हं" केलं, मग फोन ठेवून जरा फुरंगटून म्हणाल्या, "हे कालच सांगायचंत ना! मी रात्रभर तुमच्यासाठी प्रार्थना केली, ग्रीन कार्ड सापडू दे म्हणून." त्याच आठवड्यात मी वर्गावर उभी राहिले. मुलं गोड आहेत. एक जण माझ्या नावाऐवजी मला "भातबाई" म्हणतो, डब्यामुळे.

आता मला जे सांगायचं आहे ते. जुन्या शाळेत होते तेव्हा माझा कामाचा व्हिसा होता, त्यावर मी येऊन परत जाऊ शकले असते. ही नोकरी मी कार्डावर धरली, तेव्हा तो व्हिसा सुटला. आता देशाबाहेर पडायचं तर प्रवासाची वेगळी परवानगी लागते. ती मागितली आहे, आलेली नाही, आणि कधी येईल ते वकीलही सांगत नाही. तिच्याशिवाय निघाले तर अर्ज सोडून दिला असं धरतात. नोकरी धरली त्या दिवशी हे मला माहीत होतं. म्हणजे तू रविवारी विचारलंस तेव्हाही माहीत होतं, लुदी. मी नाताळला येत नाही. पुढच्या नाताळचंही सांगू शकत नाही. आवाज ऐकला की माझ्या तोंडून पुन्हा हो निघालं असतं, म्हणून फोन न करता लिहिते आहे.

तेव्हा थांबू नका. पाद्रींना सांगून या महिन्यातल्याच एखाद्या रविवारी प्रार्थना करून घ्या आणि काळे कपडे उतरवा. त्याच रविवारी मीही इथल्या चर्चमध्ये उतरवीन. क्लारिसाच्या लग्नाची तारीख धरा. नानायचं कपाट तू उघड, थोरली म्हणून मी तुला सांगते आहे. मोत्याची कुडी तुझी, माझी म्हणून बाजूला काढशील तर रागावेन. शिवणयंत्र क्लारिसाला. अननसाच्या धाग्याचा झिरझिरीत दुपट्टा आपल्या भावाच्या, एर्निंगच्या बायकोला, बेलेनला, आणि उरलेल्यातलंही सगळ्यांत आधी तिला निवडू दे. शेवटचे महिने नानायला उचलून बसवत होती ती, आपण दोघी नव्हे. बाळ येशूची मूर्ती एर्निंगकडे राहू दे, पण दर जानेवारीला तिचे कपडे बेलेननेच बदलावेत. नारळाची खोवणी कोणालाच देऊ नका, ती रोज लागते, जिथे आहे तिथेच असू दे. चांगल्या झग्यांचं काय करायचं ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचार, जिला जे बसेल ते. आणि माझ्या वाट्याचं म्हणून काहीही ठेवू नकोस, एक रुमालसुद्धा नाही. ठेवलंस, तर तुम्ही सगळे पुन्हा माझी वाट बघत बसाल.

तुझीच,
मानांग नेनिंग