ओमीथच्या धक्क्यावर मी काय म्हणाले

वॉरनपॉइंट,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सम्यक,
सप्रेम जय भीम.

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प. म्हणून मँचेस्टरला चक्क पत्र पाठवतेय. इकडे सगळं ठीक, हॉस्पिटलात ड्युट्या जोरात. मावशीचा नागपूरहून रोज फोन, "सम्यक रुसलाय का गं तुझ्यावर?" तुझी आई आहे, तिला बरोबर कळतं.

तर तू इकडे आला होतास तेव्हाची ती कायाकची, वल्ह्याच्या छोट्या होड्यांची सहल. मी क्लबची लीडर, आणि माझ्या ग्रुपमध्ये ढिलाई चालत नाही. खाडीच्या या काठाला यूके, पलीकडे ओमीथ म्हणजे आयर्लंड. तिथला पोलीस धक्क्यावर लाइफजॅकेट तपासत होता. आठही जणांची चोख! "वेल डन," म्हणाला. मी अशी फुगले! मग त्याने कागदपत्रं मागितली.

सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याकडे, एकाच वॉटरप्रूफ पिशवीत. आपल्या घरात पद्धतच ती, मोठ्या माणसाने कागद सांभाळायचे आणि बाकीच्यांनी बिनघोर राहायचं. सात पासपोर्ट ब्रिटिश, तुझा एकट्याचा भारतीय. त्याला तिकडचा वेगळा व्हिसा लागतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

नाही रे, हे खोटं आहे. बोट पाण्यात ढकलताना तू विचारलं होतंस, "ताई, मला चालेल ना तिकडे?" आणि मी म्हणाले, "अरे, पाण्यावर कसली आलीय बॉर्डर? बस गुपचूप!" मला माहीत नव्हतं, तरी ठासून सांगितलं. लीडर ना मी!

पोलिसाने विचारलं, "याला इथे यायला कोणी सांगितलं?" तेव्हा मी म्हणाले, "ज्याने त्याने आपलं बघायचं असतं." तू माझ्याकडे बघितलंस आणि काहीच बोलला नाहीस. त्याने तुझं नाव लिहून घेतलं, आपल्याला परत पाठवलं. क्लबच्या रिपोर्टमध्येही मी तेच लिहिलं. लाज वाटते मला.

पुढच्या महिन्यात तुझा यूकेत कायम राहण्याचा अर्ज. पाच वर्षं घासलीस त्यासाठी, आणि आता त्यात हे लिहावं लागणार. म्हणून गेल्या आठवड्यात तुझ्या वकिलाला सही करून सगळं खरं कळवलं, जसं घडलं तसं. क्लबलाही तेच पाठवलं. त्यांनी लीडरपद काढून घेतलं. घेऊ देत. बरोबरच केलं त्यांनी.

एवढ्याने अर्ज मंजूर होईल की नाही, वकील सांगत नाही. चौकशीला बोलावलं तर मी येणार, कुठेही, रजा टाकून. आणि तिथे कोणी विचारलं तर माझं नाव बेधडक घे. मला वाचवत बसू नकोस.

तू जिच्यासाठी गप्प राहिलास ती,
धम्मशीलाताई